गेम बनवायचं सॉफ्टवेअर विकत घ्यावं की महिन्याच्या सबस्क्रिप्शनवर?

प्रश्न थोडक्यात असा: सिडकोतले तिघे मित्र मिळून एक टूडी गेम करतायत, विषय नाशिकची रंगपंचमी आणि रहाड, म्हणजे रंग खेळायचा जमिनीतला हौद. आधी अँड्रॉइड, जमलं तर पुढे स्टीम, म्हणजे पीसीवरच्या गेमचं ऑनलाइन दुकान. क्लासचे सर म्हणतात, सगळं ब्राउझरमधलं घ्या, सबस्क्रिप्शन भरा, इन्स्टॉलची कटकट नको. वडील अंबडला कारखान्यात आहेत. ते म्हणतात, एकदा काय ते पैसे टाका, हप्ते मागे लावून घेऊ नका. तिघांत मिळून महिन्याला तीन-चार हजार निघतात. काय करावं?

तुमच्यापुरतं उत्तर आधीच देऊन टाकतो, म्हणजे बाकीचं वाचायचा कंटाळा आला तरी काम अडायला नको. इंजिन, म्हणजे गेम जुळवायचं मुख्य सॉफ्टवेअर, म्हणून गोडॉट घ्या. चित्रांना क्रिटा, पिक्सेलचं काम असेल तर एसप्राइट. आवाजाला ऑडॅसिटी. यात एसप्राइट सोडलं तर सगळं फुकट आहे, आणि त्यालाही एकदाच वीसेक डॉलर पडतात. दर महिन्याला पैसे जायचेच असतील तर ते फक्त घराबाहेरच्या बॅकअपवर जाऊ द्या. उरलेल्यातून एक चांगली एसएसडी घ्या आणि यूपीएसची बॅटरी बदला.

आता कारणं. सर आणि वडील दोघंही पैसे कसे द्यायचे यावरच बोलतायत, एकरकमी की हप्त्यानं. मी फ्लॅशच्या काळापासून कॉलेज रोडला हे काम करतोय, आणि कुठलंही नवं सॉफ्टवेअर समोर आलं की आधी दुसरंच बघतो. उद्या पैसे थांबले, नेट गेलं किंवा कंपनीनं गाशा गुंडाळला, तर माझी प्रोजेक्ट फाइल उघडेल का? नुसती उघडून उपयोग नाही, तिच्यातून बिल्ड, म्हणजे लोकांना देता येईल असा तयार गेम, तोही निघायला हवा. याचं उत्तर ‘हो’ असेल तर ते सॉफ्टवेअर माझं, मग ते फुकट मिळालेलं का असेना. उत्तर ‘नाही’ असेल तर लाख रुपये मोजून घेतलेलंसुद्धा भाड्याचंच.

हे वडिलांना पटकन पटेल. अंबड-सातपूरच्या वर्कशॉपमध्ये कोपऱ्यात एखादा जुना पीसी असतो, मागे डोंगल, म्हणजे परवान्याची किल्ली, खोचलेलं, आत कॅडचं (यंत्रांची ड्रॉइंग काढायचं) कुठलं तरी जुनं व्हर्जन. त्या पीसीला कुणी हात लावू देत नाही. सॉफ्टवेअर रीतसर विकत घेतलेलं असतं, पण डोंगल हरवलं की त्या खरेदीच्या पावतीचा काही उपयोग नाही. हल्ली तेच डोंगल कंपनीच्या सर्व्हरवर असतं, एवढाच फरक. अ‍ॅडोबीनं २०१३ च्या सुरुवातीला फोटोशॉप वगैरेच्या सीएस-२ या संचाचे अ‍ॅक्टिव्हेशन सर्व्हर बंद केले, तेव्हा पेटीबंद सीडी विकत घेतलेल्या लोकांसाठी त्यांना अ‍ॅक्टिव्हेशन न लागणारी वेगळी प्रत काढून द्यावी लागली. दिली, हे चांगलंच केलं. पण देणं न देणं त्यांच्या हातात होतं. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांनी जाहीर केलं की यापुढे सगळं क्रिएटिव्ह क्लाउडवर, म्हणजे सबस्क्रिप्शनवर. सीएस-६ ही कायमच्या परवान्याची शेवटची आवृत्ती ठरली. ऑटोडेस्कनंही २०१६ मध्ये थ्रीडीच्या मायासारख्या सॉफ्टवेअरचे नवे कायमचे परवाने विकणं थांबवलं. म्हणजे ‘एकदाच विकत घ्या’ हा वडिलांचा सल्ला कितीही खरा असला तरी मोठ्या नावांच्या बाबतीत तशी वस्तू आता बाजारातच फारशी नाही.

युनिटी या इंजिनाचं प्रकरण जरा सविस्तर सांगतो, कारण क्लासमध्ये तुम्हाला बहुधा तेच शिकवलं असणार. युनिटी तुमच्या मशीनवर इन्स्टॉल होतं, प्रोजेक्ट तुमच्या डिस्कवर असतो, सगळं कसं आपलं वाटतं. १२ सप्टेंबर २०२३ ला कंपनीनं जाहीर केलं की १ जानेवारी २०२४ पासून ठरावीक कमाई आणि ठरावीक इन्स्टॉलच्या वर गेलात तर दर नव्या इन्स्टॉलमागे पैसे लागतील. फुकटच्या पर्सनल परवान्याला हा दर २० सेंटपर्यंत होता. तो आधीच बाजारात असलेल्या गेमनाही लागू होणार होता, ही खरी मेख. जाहिरातींवर चालणाऱ्या फुकट गेमचं गणित बघा: एका खेळाडूमागे आपल्याकडे दोन-चार रुपये सुटायची मारामार, आणि भारतातल्या इन्स्टॉलला दर दोन सेंटच असला तरी त्यातला मोठा वाटा फीतच जाणार. जगभर आरडाओरडा झाला, दहा दिवसांत नियम बरेच सैल केले गेले, ऑक्टोबरमध्ये सीईओ जॉन रिचिटिएलो पायउतार झाले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ती फी गेमसाठी पूर्णच रद्द झाली. जोडीला प्रोच्या वर्गणीत वाढ झाली, जानेवारी २०२५ मध्ये ती दर माणशी वर्षाला २२०० डॉलर झाली. आता पर्सनल परवाना वर्षाला २ लाख डॉलरच्या कमाईपर्यंत फुकट आहे, म्हणजे आज तुम्हाला युनिटी एक रुपयाही मागत नाही.

मग अडचण कुठे? अडचण अटींमध्ये. २०१९ मध्ये युनिटीनं शब्द दिला होता की तुम्ही जे व्हर्जन वापरताय त्याच्याच अटी तुम्हाला लागू राहतील, आणि अटींचे बदल सगळ्यांना दिसावेत म्हणून ते गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर ठेवले होते. पुढे ते पान तिथून काढलं गेलं आणि लोकांच्या ते लक्षात आलं २०२३ च्या गोंधळात. नंतर ते परत आणलं, ही गोष्ट वेगळी. म्हणून माझ्याकडे प्रत्येक प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये ‘कागद’ नावाचं एक फोल्डर असतं. इंजिनच्या अटींची त्या दिवशीची पीडीएफ, विकत घेतलेल्या चित्रांच्या-आवाजांच्या पावत्या, फॉन्टचा परवाना, सगळं त्यात. कंटाळवाणं काम आहे, पण पाच मिनिटांचं.

गोडॉटचं याबाबतीत बरं आहे. तो २०१४ मध्ये एमआयटी परवान्याखाली, म्हणजे कुणीही फुकट वापरावा आणि बदलावा अशा अटीवर, खुला झाला. दिलेल्या व्हर्जनवरचा तो हक्क मागून कुणी काढून घेऊ शकत नाही. ब्लेंडरची गोष्टही तशीच. २००२ मध्ये ते ज्या कंपनीचं होतं ती बंद पडली, तेव्हा लोकांनी सात आठवड्यांत एक लाख युरो जमवून त्याचा सोर्स कोड मोकळा करून घेतला. आज थ्रीडीला कुणी फुकटचं काय म्हणून नाव विचारलं तर तेच सांगतात. अर्थात फुकटचं इंजिनही डोकं खातं. मार्च २०२३ मध्ये गोडॉट ४ आलं तेव्हा तीनमधले प्रोजेक्ट चारमध्ये आणताना लोकांचा घाम निघाला. पण तीन वापरत राहायची मुभा होती आणि त्यासाठी कुणाची परवानगी लागत नव्हती.

सरांच्या सल्ल्यातला एक भाग मात्र मी खोडणार नाही. ब्राउझरमधलं कन्स्ट्रक्ट-३ किंवा प्लेकॅनव्हास ही हलकी समजायची साधनं नव्हेत. शाळेच्या लॅबमध्ये जिथे कुठल्याच मशीनचा अ‍ॅडमिन पासवर्ड कुणाला ठाऊक नसतो, तिथे गेम शिकवायचा तर याहून सोपं काही नाही. दोन दिवसांच्या गेम जॅमलाही, म्हणजे झटपट गेम बनवायच्या मेळाव्यालाही, उत्तम. जुन्या लॅपटॉपवरही चालतात. कन्स्ट्रक्टची फाइल तुमच्या डिस्कवर ठेवता येते, एकदा लोड झालं की ते नेटशिवायही चालतं. अडतं ते दोन ठिकाणी. त्याची फाइल दुसऱ्या कुठल्या इंजिनात उघडत नाही आणि वर्गणी संपली की फुकट आवृत्तीच्या मर्यादा लागतात. शिवाय कन्स्ट्रक्ट-२ हे एकदाच पैसे भरून इन्स्टॉल करायचं सॉफ्टवेअर होतं, ते जुलै २०२१ मध्ये निवृत्त केलं गेलं. उलटा प्रवासही झालाय बरं का: गेममेकर सबस्क्रिप्शनवर गेलं होतं, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांनी धंद्याच्या वापरासाठी पुन्हा एकरकमी ९९.९९ डॉलरचा परवाना आणला, बिनधंद्याच्या वापराला फुकट. कन्सोलसाठी मात्र वर्गणी ठेवली. पैसे देऊनच घ्यायचं असेल तर टूडीसाठी मी याकडे बघेन.

आता ‘इन्स्टॉल केलेलं म्हणजे नेटशिवाय चालणारं’ हा समज. सिंहस्थाच्या कामांसाठी सध्या शहरात जिकडे तिकडे खोदकाम चालू आहे, त्यात कुणाच्या ना कुणाच्या फायबरवर जेसीबीचा दात बसतोच. त्यामुळे ही चाचणी मुद्दाम करावी लागणार नाही, आपोआप होईल. पण तोपर्यंत एक दिवस सकाळी राउटर बंद करा, फोनचा हॉटस्पॉटही. मशीन पूर्ण बंद करून परत चालू करा. आता प्रत्येक सॉफ्टवेअर एकेक करून उघडा आणि प्रोजेक्टमधून अँड्रॉइडचा बिल्ड काढून बघा. नुसतं उघडून समाधान मानू नका.

गोडॉटमध्ये काय होईल ते सांगतो. एडिटर ही एकच फाइल आहे, शंभर-दीडशे एमबीच्या आसपास, पेनड्राइव्हवरूनही चालते. पण एक्स्पोर्टला, म्हणजे बिल्ड काढायला, गेलात की टेम्प्लेट (बिल्डचे तयार सांगाडे) मागेल. ती वेगळी डाउनलोड करावी लागतात आणि एडिटरच्या नेमक्या त्याच व्हर्जनची लागतात. ती असतील, आणि जेडीके व अँड्रॉइड एसडीके ही अँड्रॉइड बिल्डची साधनं मशीनवर असतील, तर टेस्टिंगची एपीके (फोनवर थेट टाकायची फाइल) नेटशिवाय निघते. प्ले स्टोअरला मात्र एएबी ही वेगळी फाइल लागते, आणि एएबीसाठी ग्रेडल या बिल्ड बांधणाऱ्या साधनाचा बिल्ड चालू करावा लागतो. ग्रेडल पहिल्या खेपेला आपलं सामान नेटवरूनच आणतं. तिथे तुमचा बिल्ड अडेल. युनिटीतही हेच, त्यात जोडसामान आणणाऱ्या पॅकेज मॅनेजरची भर. एकदा सामान आलं की ते कॅशमध्ये राहतं आणि पुढच्या वेळी अडत नाही.

आणि हे सामान कायम तिथे असेल असंही नाही. जेसेंटर नावाचं भांडार होतं, अँड्रॉइडच्या कितीतरी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचे तुकडे, तिथून यायच्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये ते बंद करत असल्याचं जाहीर झालं, आणि तिथूनच सामान घेणारे जुने प्रोजेक्ट पुढे उघडले की बिल्डला लाल अक्षरं दिसायला लागली. तेव्हा गेम बाजारात गेला की त्या दिवसाची पूर्ण मोट बांधून ठेवायची: एडिटरची फाइल, टेम्प्लेटची फाइल, जेडीके-१७ चा इन्स्टॉलर, अँड्रॉइड एसडीकेचं फोल्डर, ग्रेडलचं कॅश फोल्डर, प्रोजेक्ट, कीस्टोअर (गेमवर डिजिटल सही करायच्या किल्लीची फाइल) आणि त्याचा पासवर्ड. दोन प्रती, एक घरी आणि एक तिघांपैकी दुसऱ्याच्या घरी.

पैशाचा हिशेब वडिलांना असा दाखवा. सबस्क्रिप्शन डॉलरमध्ये असतं. २०१४ मध्ये डॉलर साठीच्या आसपास होता, डिसेंबर २०२५ मध्ये त्यानं नव्वदी ओलांडली. कंपनीनं दर एक पैशानं न वाढवताही तुमचं बिल दीडपट झालं असतं. त्यावर परदेशी ऑनलाइन सेवेचा १८ टक्के जीएसटी, कार्डाचा परकीय चलनाचा आकार वेगळा. जीएसटी नोंदणी असेल तर तो कर रिव्हर्स चार्जनं, म्हणजे स्वतःच सरकारला, भरून परत क्रेडिट मिळतं, पण तुमची नोंदणी नसणार. दुसरी गोष्ट आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांची. रिझर्व्ह बँकेचे कार्डावरच्या आवर्ती पेमेंटचे नियम ऑक्टोबर २०२१ पासून कडक झाले तेव्हा कितीतरी परदेशी सेवांची पेमेंट अडकली. आधी ५००० रुपयांवरच्या प्रत्येक पेमेंटला ओटीपी लागायचा, जून २०२२ पासून ही मर्यादा १५००० झाली. महिन्याची छोटी रक्कम आता जाते, वर्षाची मोठी अडकते. आणि ती बरोबर डेडलाइनच्या आठवड्यात अडकते, असा माझा अनुभव आहे, याला काही शास्त्रीय आधार नाही.

पुढेमागे फर्म काढलीत तर सीए सांगेलच: कायमचं सॉफ्टवेअर ही मालमत्ता धरली जाते, संगणकासारखाच ४० टक्के घसारा, सबस्क्रिप्शन त्या वर्षाचा खर्च. तिघांच्या खोलीत बसून आत्ता याचा विचार करायची गरज नाही.

वडिलांच्या बाजूनं इतकं बोललो, आता त्यांच्या विरुद्ध. आपल्या मालकीचं सॉफ्टवेअर शिळं होतं. प्ले स्टोअर दरवर्षी पट्टी वर नेतं. ३१ ऑगस्ट २०२५ पासून नवा गेम किंवा अपडेट अँड्रॉइड १५ ला धरून बनवलेला लागतो. नोव्हेंबर २०२५ पासून १६ केबी मेमरी पेजची, म्हणजे फोन मेमरीचे तुकडे किती मोठे पाडतो त्याची, अट आली. ती पाळायची तर इंजिनच्या आतल्या लायब्ररीच तशा बांधलेल्या हव्यात, जुन्या व्हर्जनच्या नसतात. म्हणजे मी जपून ठेवलेली २०१९ ची मोट उघडेल, चालेल, बिल्डही देईल, पण प्ले स्टोअर तो घेणार नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये युनिटीत एक सुरक्षेचं भोक जाहीर झालं, २०१७.१ पासूनच्या सगळ्या व्हर्जनमध्ये. जुने गेम दुरुस्त करून परत चढवायची वेळ आली. तेव्हा ‘एकदा घेतलं की सुटलो’ हे फोनच्या गेमला लागू नाही. विंडोजवर स्टीमला दिलेली एक्सई फाइल मात्र वर्षानुवर्षं काही न करता चालते.

काही गोष्टी भाड्यानंच घ्याव्यात. मल्टिप्लेअरचा सर्व्हर घरात ठेवू नका, आपल्या विजेच्या भरवशावर तर नाहीच. आयफोनसाठी बिल्ड काढायचा असेल तर त्यासाठी मॅक विकत घेण्याआधी महिनाभर ऑनलाइन मॅक भाड्यानं घेऊन बघा. एखादं महागडं सॉफ्टवेअर एका ट्रेलरपुरतं हवं असेल तर एक महिना भरा, काम काढा, बंद करा, आणि निघालेली फाइल पीएनजी, डब्ल्यूएव्ही, जीएलटीएफ अशा कुठेही उघडणाऱ्या स्वरूपात साठवा. भाड्याच्या सर्व्हरबाबत एवढंच की सोडायची वाट आधी बघून ठेवा. फेसबुकची पार्स ही भाड्याच्या सर्व्हरची सेवा जानेवारी २०१६ मध्ये बंद करत असल्याचं जाहीर झालं, वर्षभराची मुदत मिळाली, सर्व्हरचा कोडही खुला करून दिला. इतक्या सभ्यपणे सगळे निरोप घेत नाहीत. खेळाडूंचे स्कोअर आणि खाती दर आठवड्याला आपल्याकडे उतरवून घ्यायची सोय ज्या सेवेत नाही, ती घेऊ नका.

गेम मराठीत आहे म्हणून एक खास सांगायचं राहिलं. गोडॉट सुचवण्याचं निम्मं कारण हेच आहे. गोडॉट ४ मध्ये देवनागरी अक्षरं नीट जुळतात, कारण त्यात अक्षरं जुळवणारं हार्फबझ आहे. तीनमध्ये हे नव्हतं. युनिटीच्या टेक्स्टमेशप्रो या अक्षरं दाखवणाऱ्या भागात ‘पिचकारी’ लिहून बघा. पहिली वेलांटी ‘प’च्या आधी यायची ती नंतर येऊन बसते, जोडाक्षरं हलन्त दाखवून सुटी पडतात. यावर लोक महागडे प्लगइन घेतात किंवा जुन्या पद्धतीचे फॉन्ट भरतात, दोन्ही पुढे त्रास देतात. युनिटी ६ मध्ये यूआय टूलकिट या दुसऱ्या भागाकडून यावर उपाय येऊ लागलाय, पण सुरुवात करणाऱ्यानं त्या भानगडीत का पडावं? फॉन्टही सबस्क्रिप्शनचे घेऊ नका. वर्गणीत मिळणारा फॉन्ट वापरून पोस्टर करणं वेगळं आणि त्याची फाइल गेममध्ये भरून लोकांना देणं वेगळं. दुसऱ्याला बहुतेक वेळा वेगळा परवाना लागतो. मुंबईच्या एक टाइपचे बलू आणि मुक्त, किंवा नोटो सान्स देवनागरी, हे ओपन फॉन्ट लायसन्सवर आहेत. गेममध्ये भरा, तो गेम विका, कुणाला विचारायला नको. रहाडीच्या गेमला बलू छान शोभेल.

शेवटी खात्यांचं. गूगल प्लेचं डेव्हलपर खातं एकदाच २५ डॉलर, अ‍ॅपलचं दरवर्षी ९९, स्टीमला दर गेममागे १०० आणि गेमनं १००० डॉलरची विक्री केली की ते परत. अ‍ॅपलची फी चुकली तर गेम दुकानातून उतरतो, म्हणून आयफोनचं खातं गेम तयार झाल्यावरच काढा. प्लेचं खातं एकाच्याच वैयक्तिक नावावर जाईल, कारण संस्थेच्या खात्याला डी-यू-एन-एस हा व्यवसायांना मिळणारा ओळख क्रमांक लागतो. कुणाच्या नावावर, कमाई आली तर कशी वाटायची आणि तो पुण्याला नोकरीला गेला तर गेम कुणाकडे, हे साध्या कागदावर लिहून तिघांनी सह्या करा. नव्या वैयक्तिक खात्याला गेम बाहेर काढण्याआधी किमान १२ टेस्टर १४ दिवस सलग जोडलेले ठेवावे लागतात. सिडकोत बारा जण एका संध्याकाळी मिळतील, पण त्यातले दोघं-तिघं चौथ्या दिवशी गेम काढून टाकणार आणि टेस्टिंगमधूनही बाहेर पडणार. म्हणून नावं वीस घ्या.